पिटमध्ये बसलेला इंजिनिअर गाडी चालवतो का?

‘फॉर्म्युला वनची गाडी ड्रायव्हर नुसती वळवतो, इंजिन, ब्रेक, सगळं पिटमधले इंजिनिअर लॅपटॉपवरून चालवतात.’ हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतच असतो.

असं वाटणं साहजिक आहे. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेत, भिंतीलगत ओळीने स्क्रीन, त्यांवर पळणारे आकडे. गाडीतले सुमारे 300 सेन्सर टायरचं तापमान, ब्रेकची गरमी, इंधन अशी माहिती सतत पाठवतात. पण ही वाहतूक एकेरी आहे: माहिती गाडीतून बाहेर येते, आदेश आत जात नाही. 2002 साली पिटमधून गाडीची सेटिंग बदलायला परवानगी होती, हे खरं. अफवेचं मूळ बहुधा तिथेच असावं. 2003पासून ते बंद झालं.

म्हणजे रेस इंजिनिअरच्या हाती उरतो तो रेडिओ. आकडा पाहून तो सुचवतो. बटण ड्रायव्हरच दाबतो. गाडीच्या रचनेचा प्रमुख, म्हणजे टेक्निकल डायरेक्टर, तर आणखी मागे. त्याचं मुख्य काम गाडी ट्रॅकवर येण्याच्या कितीतरी महिने आधीचं, कारखान्यातलं.

पडताळायचंय? ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघा. रेडिओवर सूचना येते आणि मग ड्रायव्हरचा अंगठा स्टीअरिंगवरची चकती फिरवतो. वळणापूर्वी ब्रेकचा पुढचा-मागचा तोलही तोच बदलतो. पिट स्टॉपला पुढचा पंख बघा: मेकॅनिक हत्यार लावून त्याचा कोन बदलतो, तेही टायर बदलण्याच्या दोन-तीन सेकंदांत. लॅपटॉपवरून जमलं असतं, तर एवढी धावपळ कोण करेल?