खेळणं विकत घेतलं, नाव नाही : फेरविक्री आणि ‘कस्टम’ विक्रीतला फरक

एखाद्या ब्रँडचं खरं खेळणं जसंच्या तसं पुन्हा विकणं आणि तेच खेळणं रंगवून, डोकं बदलून, नवा छाप मारून विकणं, ऑनलाइन बाजारात या दोन्हींची मांडणी एकसारखीच दिसते. फोटो, किंमत, खरेदीचं बटण, सगळं तेच. त्यामुळे नियमही तेच असतील असं विकणारा धरून चालतो. ‘मूळ माल मी पैसे मोजून घेतलाय, आता त्याचं काय करायचं ते मी बघीन’ हा युक्तिवाद पहिल्या प्रकारात बहुतेक टिकतो. दुसऱ्यात तो अर्ध्या वाटेतच लंगडा पडतो.

पहिल्या प्रकारात फारसं सांगण्यासारखं नाही. कंपनीने स्वतः किंवा तिच्या संमतीने एखादा नग बाजारात विकला, की त्या नगाची पुढची विक्री ट्रेडमार्कच्या जोरावर अडवायचा तिचा हक्क संपतो. लिस्टिंगमध्ये ब्रँडचं नाव लिहायलाही हरकत नसते, कारण वस्तू त्याच ब्रँडची आहे. अडचण येते ती मुख्यतः सीमा ओलांडताना. उदाहरणार्थ, युरोपातल्या नियमानुसार हा हक्क तिथल्या बाजारात विकलेल्या मालापुरताच संपतो. बाहेरून स्वस्तात आणलेला अस्सल मालही तिथे कंपनी अडवू शकते.

आता दुसरा प्रकार. फेरविक्रीची मुभा देणाऱ्या कायद्यातच तिला अपवाद जोडलेला आहे. युरोपीय संघाच्या 2017 च्या ट्रेडमार्क नियमावलीतलं कलम 15 घ्या किंवा भारताच्या 1999 च्या कायद्यातलं कलम 30 घ्या, आशय एकच : माल बाजारात आल्यानंतर त्याची स्थिती बदलली किंवा बिघडली असेल, तर पुढच्या विक्रीला हरकत घेण्याचं रास्त कारण मालकाकडे राहतं. इथे ‘बदलली’ आणि ‘बिघडली’ हे दोन्ही शब्द आहेत हे महत्त्वाचं. तुमचं रंगकाम कारखान्यापेक्षा सरस असेल, पण बदल तो बदलच.

अमेरिकेत हा प्रश्न प्रामुख्याने ग्राहकाच्या गैरसमजाच्या अंगाने पाहतात. 1947 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त केलेल्या चॅम्पियन स्पार्क प्लगवर मूळ नाव राहू दिलं, पण ते वापरलेले आणि दुरुस्त केलेले आहेत हे स्पष्ट छापायला लावलं. पुढचे दोन निकाल घड्याळांचे आहेत, पण कस्टम खेळणी विकणाऱ्याने ते शेजारी ठेवून वाचावेत. 1999 मध्ये, सुटे भाग बदललेल्या रोलेक्स घड्याळांवर मूळ नाव ठेवणं गैर ठरलं. पहिल्या गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं तरी ते घड्याळ पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला ते कसं कळणार, ही तिथली अडचण होती. 2021 मध्ये मात्र व्हॉर्टिक कंपनी जिंकली. जुन्या हॅमिल्टन खिशातल्या घड्याळांची यंत्रं घेऊन ती मनगटी घड्याळं बनवत असे आणि हॅमिल्टन हे नाव त्यांत दिसत असे. पण जाहिरातीपासून खुद्द घड्याळापर्यंत हे काम व्हॉर्टिकचं आहे हे लपलेलं नव्हतं. माझ्या मते कस्टम खेळण्यासाठी यातून एक कामाची गोष्ट निघते : तुमची खूण लिस्टिंगवर नाही, खेळण्यावर हवी. बाहुलीच्या पाठीवर किंवा पायाखाली सहज न पुसली जाणारी सही असेल, तर ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडेही बाहुलीसोबत जाते.

लेगोच्या मिनीफिगरचंच उदाहरण जवळून पाहू, कारण तिथे सगळे गुंते एकाच बोटभर माणसात सापडतात. लेगोच्या ठोकळ्याच्या आकाराचा ट्रेडमार्क युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नाकारला. ठोकळा ठोकळ्यात बसायला तो आकार तांत्रिकदृष्ट्या लागतोच, म्हणून तो कोणा एकाच्या मक्त्याचा नाही. पण 2015 मध्ये त्याच मिनीफिगरच्या आकाराचा ट्रेडमार्क मात्र कायम राहिला. म्हणजे जुळणारा ठोकळा दुसरं कोणी बनवू शकतं, तसा माणूस बनवायला गेलं की अडतं. तुम्ही माणूस बनवत नाही, अस्सल माणूस विकत घेऊन त्याच्या छातीवर छपाई करता. छपाई तुमच्या कल्पनेतल्या एखाद्या डॉक्टरची असेल, तर प्रश्न फक्त लेगोशी. ती एखाद्या सिनेमातल्या नायकाची किंवा फुटबॉल क्लबच्या चिन्हाची असेल, तर दुसरा हक्कदार उभा राहतो आणि त्याच्यापुढे मूळ मिनीफिगरचं बिल काहीच कामाचं नाही. त्याने त्या चित्राची ही प्रत कधी विकलेलीच नाही, मग त्याचा हक्क संपेल कसा? एक नोटीस लेगोकडून येण्याची धास्ती घेऊन बसलेल्या विक्रेत्याला पहिली नोटीस भलत्याच कंपनीकडून येते ती यामुळे.

खोक्याची भानगड वेगळीच. फन्को पॉपसारख्या बाहुल्यांना कस्टम करणारे हौसेने खोकंही नवं छापतात, कंपनीच्या लोगोसकट. हौस कौतुकाची, पण विकायला काढल्यावर हे ‘बदल’ या सदरात बसतच नाही. आतली बाहुली अस्सल असली तरी खोक्यावरचा लोगो तुम्ही छापलेला आहे, म्हणजे ती सरळ नक्कल आहे. उलट, मूळ लोगो खरवडून टाकला की सुटलो, हेही खरं नाही. युरोपच्या न्यायालयाने 2010 च्या पोर्टाकॅबिन खटल्यात म्हटलं, की मूळ खूण काढून त्या जागी स्वतःच्या नावाची पट्टी लावणाऱ्या फेरविक्रेत्यालाही मूळ नाव वापरून त्या मालाची जाहिरात करण्यापासून मालक रोखू शकतो.

बार्बीचा एक निकाल ढाल म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. अंगकाठी आणि कपडे पार बदलून प्रौढांसाठी केलेल्या बार्बी बाहुल्यांविरुद्ध बार्बी बनवणारी मॅटेल कंपनी न्यायालयात गेली आणि 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल द्यायला नकार दिला. पण तो झगडा कॉपीराइटचा होता. लिस्टिंगच्या शीर्षकात बार्बी हे नाव कसं वापरता, याचं उत्तर त्यात शोधू नये.

नावाबद्दल उपयोगी पडतो तो 1999 चा बीएमडब्ल्यूचा युरोपातला निकाल. बीएमडब्ल्यू गाड्यांची दुरुस्ती करणारा तसं सांगू शकतो, पण आपण कंपनीचे अधिकृत आहोत असा भास निर्माण करू शकत नाही. खेळण्यांच्या भाषेत, ‘लेगो कस्टम योद्धा’ हे शीर्षक धोक्याचं. ‘हाताने रंगवलेला योद्धा, मूळ लेगो मिनीफिगरवर आमचं काम’ हे बरंच सुरक्षित. ब्रँडच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकावं. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी एका उत्पादनाचं एकच पान अनेक विक्रेते वापरतात. तिथे मूळ खेळण्याच्या पानाला आपला रंगवलेला नग जोडणं हा मला सगळ्यांत वाईट प्रकार वाटतो. तळाशी बारीक अक्षरांत ‘कंपनीशी संबंध नाही’ लिहून फार साधत नाही, विशेषतः पहिल्या फोटोत लोगोच ठसठशीत दिसत असेल तर.

नोटीस आली तर ती ट्रेडमार्कची की कॉपीराइटची हे आधी पाहावं. अमेरिकी कायद्यात कॉपीराइटच्या तक्रारीला प्रतिनोटीस देऊन लिस्टिंग परत मिळवण्याची ठरलेली वाट आहे, ट्रेडमार्कला तशी नाही. दागिन्यांची कंपनी टिफनी विरुद्ध ऑनलाइन बाजारपेठ ईबे या 2010 च्या खटल्यात ईबे सुटली, कारण नेमकी तक्रार आली की ती माल खाली उतरवत होती. मग कुठलीही बाजारपेठ आधी उतरवणार आणि नंतर ऐकणार, यात नवल नाही. तक्रार मागे घेणं बहुधा तक्रारदाराच्याच हातात असतं. म्हणून त्यालाच लिहावं, बदलाआधीचे आणि नंतरचे फोटो जोडावेत, नवं शीर्षक सुचवावं. जसंच्या तसं खेळणं विकणाऱ्याचं काम बिल दाखवून अनेकदा भागतं. कस्टमवाल्याचं बिल फक्त एवढंच सिद्ध करतं की मूळ नग अस्सल होता, आणि त्याबद्दल तर कोणाची तक्रारच नसते. उत्तर येईपर्यंत तीच लिस्टिंग थोडं नाव फिरवून पुन्हा चढवू नये. ते वारंवार केलेलं उल्लंघन धरलं जातं आणि एका बाहुलीपायी सगळं खातं बंद होऊ शकतं.