शालेय अभ्यासक्रम : रचना आणि अंमलबजावणी

शाळेत कोणी, केव्हा, काय आणि कशासाठी शिकावे, ते कोणत्या अनुभवांतून शिकावे आणि शिकून झाले की नाही हे कसे ओळखावे, याविषयीच्या विचारपूर्वक केलेल्या आराखड्याला शालेय अभ्यासक्रम म्हणतात. बोलण्यात अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. शिक्षणशास्त्रात मात्र त्यांत फरक केला जातो. एखाद्या विषयात एका इयत्तेसाठी नेमलेल्या घटकांची क्रमवार मांडणी म्हणजे पाठ्यक्रम, आणि ते घटक शिकण्याच्या अनेक साधनांपैकी एक म्हणजे पाठ्यपुस्तक. अभ्यासक्रमात या दोहोंखेरीज उद्दिष्टे, अध्ययन अनुभव, वेळेची वाटणी आणि मूल्यमापन यांचाही विचार येतो. अभ्यासक्रमासाठीचा ‘करिक्युलम’ हा इंग्रजी शब्द धावणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे, आणि वर्षअखेरीस ‘पोर्शन’ पुरा करण्यासाठी चाललेली वर्गांतली धावपळ पाहिली की ही व्युत्पत्ती अजूनही लागू पडते असे वाटते.

अभ्यासक्रमाची रचना हा स्वतंत्र अभ्यासविषय विसाव्या शतकात आकाराला आला. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँकलिन बॉबिट यांनी १९१८ मध्ये असे मांडले की, प्रौढ जीवनात लागणाऱ्या कामांचे बारकाईने विश्लेषण करावे आणि त्यांतून शाळेची उद्दिष्टे काढावीत. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये संपूर्ण प्रक्रिया चार प्रश्नांभोवती बांधली : शाळेने कोणती उद्दिष्टे गाठावीत, त्यांसाठी कोणते अनुभव द्यावेत, त्या अनुभवांची संघटना कशी करावी आणि उद्दिष्टे साध्य झाली हे कसे ठरवावे. आजही बहुतेक समित्यांचे काम कळत-नकळत याच चौकटीत चालते. हिल्डा टाबा यांनी १९६२ मध्ये हीच वाट उलट बाजूने चालावी असे सुचवले. शिक्षकांनी आधी एकेका घटकाची आखणी करून ती वर्गात तपासावी आणि मग त्यांतून व्यापक आराखडा उभा करावा, हा त्यांचा आग्रह होता. हे तत्त्व सहसा कोणी नाकारत नाही. मात्र त्याला वेळ फार लागतो, म्हणून प्रत्यक्षात ते क्वचितच पाळले जाते.

सर्वसाधारण पद्धत वरून खाली येणारी आहे. प्रथम शिक्षणाची ध्येये सांगणारा आराखडा ठरतो, त्यानंतर विषयवार समित्या प्रत्येक टप्प्यावर अपेक्षित असलेल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे याची विधाने, लिहितात, आणि त्यांच्या आधारे पाठ्यपुस्तके, शिक्षक हस्तपुस्तिका आणि मूल्यमापनाचे नमुने तयार होतात. समित्यांत विषयतज्ज्ञ, अनुभवी शिक्षक आणि बालमानसशास्त्राचे जाणकार असावेत अशी अपेक्षा असते. यांतले सर्वांत कठीण काम आशय निवडण्याचे नसून तो वगळण्याचे आहे, कारण प्रत्येक विषयाच्या कैवाऱ्याला आपला एखादा घटक वाढवून हवा असतो आणि दुसऱ्याच्या घटकाला कात्री लावण्याचा अधिकार कोणालाच नको असतो. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने आलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम याचे ठळक उदाहरण आहे. प्रत्येक विषयाच्या स्वतंत्र गटाने आपापला तपशील लिहिला. सगळ्यांची बेरीज शिक्षकांच्या आवाक्याबाहेर गेली आणि अवघ्या पाच-सहा वर्षांत रॉन डिअरिंग यांच्या अध्यक्षतेखाली त्याची छाटणी करावी लागली.

आशयाचा क्रम ठरवताना जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेली सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना फार उपयोगी ठरली. एखादी मूलभूत संकल्पना एकदाच शिकवून संपवायची नाही, तर दर टप्प्यावर अधिक खोलीने तिच्याकडे परत यायचे, असे तिचे स्वरूप आहे. अपूर्णांक हा घटक पाहा. लहान मूल कागदाची घडी घालून अर्धा भाग ओळखते. पुढे तेच मूल अर्धा आणि दोन चतुर्थांश समान असल्याचे रंगवून पाहते, त्यानंतर छेद समान करून बेरीज करते आणि आणखी काही वर्षांनी गुणोत्तर व प्रमाणात त्याच कल्पनेला भेटते. यांतली एक पायरी निसटली तर छेदांचीच बेरीज करणारी मुले मोठ्या वर्गांतही दिसतात, आणि तेव्हा चूक त्या वर्गातल्या शिकवण्यात शोधली जाते.

कागदावरचा अभ्यासक्रम वर्गात पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. जॉन गुडलॅड यांनी १९७९ मध्ये त्याचे पाच स्तर दाखवले : तज्ज्ञांच्या मनातला, अधिकृतपणे मंजूर झालेला, शिक्षकाला उमगलेला, वर्गात प्रत्यक्ष चालणारा आणि विद्यार्थ्याने अनुभवलेला. समजा, एक निष्पत्ती अशी आहे : ‘वनस्पतीच्या वाढीसाठी प्रकाश आवश्यक असतो हे विद्यार्थी प्रयोगाने पडताळतात.’ पाठ्यपुस्तकात तिचे दोन कुंड्यांचे चित्र आणि चार ओळींची कृती होते. प्रयोगाला आठ-दहा दिवस निरीक्षण लागते आणि वेळापत्रकात त्या घटकाला दोन तासिका असतात. म्हणून कृती फळ्यावर समजावली जाते आणि निष्कर्ष वहीत उतरवला जातो. चाचणीत ‘वनस्पतींना वाढीसाठी ______ लागतो’ अशी रिकामी जागा येते. मूल ती अचूक भरते, नोंदीत निष्पत्ती ‘साध्य’ ठरते आणि पडताळणे मात्र वाटेतच गळून गेलेले असते. यात कोणी कामचुकारपणा केला असे नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या वेळेत बसेल तेवढे केले.

म्हणूनच वर्गात काय चालेल हे उद्दिष्टांपेक्षा वेळापत्रक आणि परीक्षा यांवर अधिक ठरते. आठवड्याला चार तासिका आणि कामाचे ३५ आठवडे धरले तर एका विषयाला वर्षात १४० तासिका मिळतात. चाचण्या, उजळणी आणि इतर उपक्रमांचे दिवस वजा केले की हिशोब पुष्कळ खाली येतो. प्रश्नपत्रिकेचे स्वरूप न बदलता केवळ पाठ्यपुस्तक बदलले, तर शिक्षक नव्या पुस्तकातूनही जुन्याच पद्धतीची उत्तरे काढून देतात, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. याशिवाय लेखी आराखड्यात नसलेल्या गोष्टीही शाळा शिकवतेच : आपली पाळी येईपर्यंत थांबणे, अपेक्षित उत्तर ओळखणे, वरिष्ठांचे ऐकणे. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हटले. जे मुळीच शिकवले जात नाही त्याचाही मुलांवर परिणाम होतो, हे एलियट आइस्नर यांनी पुढे दाखवून दिले.

शिक्षकांच्या तयारीविना आलेल्या बदलाचे काय होते, हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सुरू झालेल्या ‘नव्या गणिता’ने दाखवले. आशय नामवंत गणितज्ञांनी बेतला होता. परंतु संच आणि निरनिराळ्या पायांच्या संख्यापद्धती कशासाठी शिकवायच्या हे अनेक प्राथमिक शिक्षकांना उमगले नव्हते, आणि पालकांना मुलांचा गृहपाठ कळेनासा झाला. १९७० च्या दशकात हा प्रयोग मागे पडला. याच सुमारास ब्रिटनमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षकाला आपल्या वर्गाचा संशोधक मानण्याची भूमिका मांडली. अभ्यासक्रम ही वर्गात तपासून पाहायची सूचना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. फिनलंडमध्ये २०१४ साली मंजूर होऊन २०१६ पासून लागू झालेला राष्ट्रीय गाभा अभ्यासक्रम याच दिशेचा आहे. त्याच्या आधारे स्थानिक प्रशासने आपापला तपशीलवार अभ्यासक्रम तयार करतात.

नवा अभ्यासक्रम सहसा सर्व इयत्तांना एकदम लागू होत नाही. दरवर्षी एक-दोन इयत्ता घेतल्या जातात. मधल्या काळात एखादी तुकडी खालचा टप्पा जुन्या पुस्तकातून संपवून वरच्या टप्प्यावर एकदम नव्या पुस्तकाला सामोरी जाते, आणि नव्या रचनेत खालच्या इयत्तेत हलवलेला घटक तिला कोणीच शिकवलेला नसतो. अशा तुकडीसाठी वर्षाच्या सुरुवातीला काही आठवड्यांचा सेतू अभ्यास ठेवतात, आणि त्या तासिका त्याच वर्षाच्या १४० मधून द्याव्या लागतात.