दुबईच्या दिरहमात दडलेला जुना रुपया

रत्नागिरी-रायगडकडच्या ज्या घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे, तिथे दिरहमचा भाव शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतो. एका दिरहमला आज वीसहून जास्त रुपये मोजावे लागतात. पण साठ वर्षांपूर्वी दुबईच्या बाजारात दिरहम नव्हताच. तिथे चालायचा तो रुपया, आणि तोही भारताच्या रिझर्व्ह बँकेचा. आजच्या दिरहमचा वंश त्याच रुपयापर्यंत जातो आणि सुरुवातीचा हिशोब एकास एक होता. मग ही दोन चलनं एवढी लांब कशी गेली?

ब्रिटिश अमलात कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत या सगळ्या भागाचा व्यापार मुंबईशी बांधलेला होता, त्यामुळे रुपया तिकडे आपसूक रुळला. स्वातंत्र्यानंतरही तो चालू राहिला आणि तिथेच एक भोक पडलं. भारतात सोन्याच्या आयातीवर बंधनं होती, त्यामुळे इथला भाव जगापेक्षा बराच चढा. तस्कर गलबतांतून रुपयांच्या नोटा आखातात न्यायचे. त्या नोटा तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत यायच्या आणि त्यांच्या बदल्यात भारताला पौंड द्यावे लागायचे. त्या पौंडांतून सोनं घेतलं जायचं आणि ते गुपचूप आपल्याच किनाऱ्यावर उतरायचं. थोडक्यात, भारताविरुद्धच्या तस्करीचा खर्च भारताचीच तिजोरी उचलत होती! यावर उपाय म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. किंमत रुपयाइतकीच, पण भारतात त्या चालत नसत.

हा वेगळा रुपया फार टिकला नाही. कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार आणला आणि त्याची किंमत एका ब्रिटिश पौंडाएवढी, म्हणजे तेव्हाचे 13 रुपये 33 पैसे ठरवली. बहारीनने 1965 मध्ये दहा रुपयांचा एक दिनार केला. उरलेल्यांना निर्णय घ्यायला लावला तो दिल्लीने. 6 जून 1966 रोजी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. चीन आणि पाकिस्तानशी युद्धं, लागोपाठचा दुष्काळ, आटलेली परदेशी मदत अशी त्यामागची कारणं होती. (या घटनेबद्दल कुठे 57.5 टक्के वाचायला मिळतं, कुठे 36.5. दोन्ही बरोबर आहेत: डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला, म्हणजेच रुपयाची किंमत साडेछत्तीस टक्क्यांनी उतरली.)

आखातातल्या माणसाच्या खिशातल्या नोटांची एक तृतीयांशाहून जास्त किंमत एका निर्णयात गेली, तीही त्याचा काडीचा संबंध नसलेल्या कारणांसाठी. कतार आणि दुबईने मिळून त्याच वर्षी नवा रियाल काढला आणि त्याची किंमत अवमूल्यनाच्या आधीच्या रुपयाएवढी ठेवली. 1973 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने दिरहम आणला, तो याच रियालच्या जागी, एकास एक.

आता गंमत बघा. जुना रुपया 4.76 ला एक डॉलर होता, आणि दिरहम सुरू झाला तेव्हा डॉलरचा भाव 3.95 दिरहम होता. दिरहम वधारला कसा? तो जागचा हललाच नव्हता, खाली गेला होता तो डॉलर. 1971 च्या शेवटी आणि 1973 च्या सुरुवातीला अमेरिकेने डॉलरची सोन्यातली किंमत दोनदा कमी केली. 35 डॉलरचं एक औंस सोनं कागदोपत्री 42.22 डॉलरचं झालं. 4.76 ला 35 ने गुणा आणि 42.22 ने भागा, उत्तर बरोबर 3.95 च्या आसपास येतं. चलनाची किंमत नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेतच मोजली जाते, हे यापेक्षा स्वच्छ मला तरी कुठे दिसलेलं नाही. 1997 पासून दिरहम एका डॉलरला 3.6725 या दराशी बांधलेला आहे.

रुपयाचं काय झालं? 1991 च्या जूनमध्ये देशाची परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. सुमारे 47 टन सोनं परदेशी गहाण पडलं आणि जुलैमध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झालं. 1993 पासून रुपयाचा भाव सरकार जाहीर करत नाही, तो बाजारात ठरतो. तेल कंपन्यांना कच्च्या तेलासाठी डॉलर हवे असतात, सोन्याच्या आयातदारांना हवे असतात. दुसरीकडे पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्या, शेअर बाजारातले परदेशी गुंतवणूकदार आणि आखातातली आपली माणसं डॉलर आणतात. मागणी जास्त झाली की रुपया घसरतो. घसरण फारच वेगाने होऊ लागली, तर रिझर्व्ह बँक साठ्यातले डॉलर विकते.

पण दशकांच्या हिशोबात खरं ओझं महागाईचं. 1961 पासून अमेरिकेतले भाव साधारण दहापट झाले. आपल्याकडचे त्याहून कितीतरी जास्त वाढले. ज्या चलनात भाव जास्त वेगाने चढतात, ते दुसऱ्याच्या तुलनेत उतरत जाणारच.

म्हणून ‘कुवेतचा दिनार जगात सगळ्यात महाग’ या वाक्यावर फार भाळू नये. एक दिनार तीन डॉलरहून जास्त भरतो, याचं एक साधं कारण म्हणजे मुळातच त्याचा तुकडा मोठा कापला होता. उलट जपानचा एक येन रुपयाहूनही स्वस्त आहे, म्हणून जपान गरीब ठरत नाही. पाहायची असते ती वाटचाल. 1971 पर्यंत डॉलरला 360 येन पडत. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं, आणि 2011 मध्ये तोच डॉलर 76 येनच्याही खाली आला. जपानच्या निर्यातदारांची त्या महागड्या येनने झोप उडवली होती. पुढे 2022 मध्ये अमेरिकेचे व्याजदर चढले, जपानचे शून्याजवळच राहिले, पैसा अमेरिकेकडे धावला आणि डॉलर 150 येनपर्यंत गेला.

डॉलरला बांधून घेणंही फुकट मिळत नाही. डॉलर घसरू लागला तशी कुवेतची आयात महागली, म्हणून 2007 मध्ये त्याने दिनार डॉलरपासून सोडवून अनेक चलनांच्या टोपलीला जोडला. टोपलीत कोणतं चलन किती, हे तो सांगत नाही. अमिराती मात्र डॉलरलाच धरून राहिली. त्यामुळे 2022 मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर वाढवले, तेव्हा अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेलाही पाठोपाठ वाढवावे लागले, तिथली महागाई अमेरिकेएवढी नसतानाही. दुबईत कर्ज काढून घर घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या हप्त्याचं गणित त्यामुळे वॉशिंग्टनला ठरतं. रुपया सुटा असल्याने रिझर्व्ह बँकेला निदान पाऊस आणि कांदा-टोमॅटोचे भाव बघून स्वतःचा दर ठरवता येतो.