स्केल मॉडेल विमाने : किटची पारख आणि बांधणी

प्रत्यक्ष विमानाची सगळी मापे एकाच प्रमाणात लहान करून केलेली, न उडणारी प्रतिकृती म्हणजे स्केल मॉडेल विमान. ते बहुधा सुट्या भागांच्या किटच्या रूपात मिळते. भाग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. ते कापणे, घासणे, जोडणे आणि रंगवणे हे काम घेणाऱ्याचे. रिमोटवर उडणारी विमाने आणि बाल्सा या हलक्या लाकडाचे ग्लायडर हा वेगळा छंद असून त्यांचा विचार इथे केलेला नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात विमानाशी रोजचा संबंध फार थोड्यांचा. तरीही प्लॅस्टिकचे साचे, सोनारी हत्यारे आणि पाइप जोडायचे सोल्युशन या तिन्ही गोष्टी इथे घरोघरी माहीत आहेत, आणि किट कळायला त्याच उपयोगी पडतात.

इतिहास : ब्रिटनमध्ये 1932 साली ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी विमानांचे संच आले, ते 1/72 प्रमाणात. तेच प्रमाण धरून फ्रॉग कंपनीने 1936 मध्ये प्लॅस्टिकची किटे काढली आणि मालिकेचे नाव ठेवले ‘पेंग्विन’, म्हणजे न उडणारा पक्षी. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे शिकवण्यासाठी अशी मॉडेल वापरली गेली. अमेरिकेने 1942 मध्ये शाळकरी मुलांकडून सुमारे 5 लाख लाकडी मॉडेल करून घेण्याचे ठरवले होते. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे एअरफिक्स कंपनीचे पहिले किट 1950 च्या दशकातले. पुढे जपानच्या शिझुओका प्रांतातील टामिया आणि हासेगावा या कंपन्यांनी साच्याचा दर्जा वर नेला आणि अलीकडे चेक प्रजासत्ताकातील एडुआर्डने त्यात भर घातली.

प्रमाण : 1/72 म्हणजे मूळ विमानाचे सहा फूट मॉडेलमध्ये एक इंच, 1/48 म्हणजे चार फुटांचा एक इंच. याशिवाय 1/144 आणि 1/32 ही प्रमाणेही चालतात. प्रमाण ठरवताना बहुतेक जण आवडीचा विचार करतात. तो जागेचा करावा. मिग-21 च्या पंखांची रुंदी 7.15 मीटर आहे. 1/72 मध्ये ती जेमतेम 10 सेंटिमीटर भरते, 1/48 मध्ये 15, तर 1/32 मध्ये 22. सुखोई-30 एमकेआयची लांबी जवळपास 22 मीटर असल्याने तेच विमान 1/72 मध्ये फूटभर आणि 1/48 मध्ये दीड फूट होते. दिवाणखान्यातल्या शोकेसची खोली फूटभर असते. दीड फुटाचे सुखोई तिथे आडवे मावत नाही, मग ते कपाटावर जाते, आणि कपाटावरच्या वस्तूचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या मॉडेलसाठी एक इंजिन आणि एक आसन असलेले 1/72 चे लढाऊ विमान उत्तम. जोडपंखी, तारांनी बांधलेली विमाने पहिल्या वर्षी हातात घेऊ नयेत.

किटची पारख : खोक्यावरचे चित्र चित्रकाराने काढलेले असते आणि आत असते ते साच्यातून निघालेले, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे पैसे वाचतात. कंपन्या जुन्या साच्यातला माल नव्या खोक्यात, नव्या डीकलसह (विमानावर चिकटवायच्या खुणा-चित्रांसह) पुन्हा विकतात. त्यामुळे पाहायचे ते साच्याचे वर्ष, खोक्याचे नव्हे. टामियाचे 1/48 मधले स्पिटफायर मार्क 1 हे 1993 मध्ये आले आणि पुन्हा 2018 मध्ये आले. विमान तेच, प्रमाण तेच, कंपनी तीच, पण साचे दोन आणि किटेही दोन. नुसते ‘टामियाचे स्पिटफायर’ मागवणाऱ्याच्या हाती यांतले कोणते पडेल हे नशिबावर.

साचा जुना आहे की नवा, हे भाग हातात आल्यावर लगेच कळते. भाग ज्या चौकटीला लगडलेले असतात तिला छंदवाले ‘स्प्रू’ म्हणतात. जळगावच्या एमआयडीसीत त्याला ‘रनर’ म्हणतात आणि तोच शब्द अधिक बरोबर आहे. पाइपची फिटिंग काढणाऱ्या मशीनवर काम केलेल्या एका मित्राला प्रस्तुत लेखकाने एकदा जुन्या किटची चौकट दाखवली. विमान कोणते हे त्याने विचारलेही नाही. पंखाच्या कडेवरून नख फिरवले, कागदासारखा पातळ पदर नखाला लागला, आणि तो म्हणाला, “डाय थकी गई भो,” म्हणजे साचा थकला. साच्याचे दोन अर्धे घट्ट बसेनासे झाले की वितळलेले प्लॅस्टिक फटीतून बाहेर सरकते, त्या पदराला ‘फ्लॅश’ म्हणतात. जाड भागावर, म्हणजे पंखाच्या मुळाशी किंवा चाकावर, खळगा दिसला तर ती ‘सिंक मार्क’: आतले प्लॅस्टिक थंड होताना आकसते आणि वरचा पृष्ठभाग ओढून घेते. भाग साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे प्रत्येक किटमध्ये असतातच. चांगला साचेकार ते आतल्या बाजूला लपवतो, आळशी साचेकार कॉकपिटच्या भिंतीवर ठेवतो.

यानंतर रेषा पाहाव्यात. विमानाच्या पत्र्यांचे सांधे जुन्या किटवर उठावदार रेघांनी दाखवलेले असतात आणि सांधा घासताना त्या पुसल्या जातात. नव्या किटवर त्या कोरलेल्या असतात. कोरलेली रेघ बारीक हवी. 1/72 मध्ये 0.2 मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास दीड सेंटिमीटरची चर. अशा चरी सगळ्या अंगभर असल्या की विमान फरशी बसवल्यासारखे दिसते. शेवटी कॉकपिटची काच: ती पातळ आणि स्वच्छ असावी, तिच्यातून वर्तमानपत्राचे अक्षर न हलता वाचता यावे. भागांची संख्या हा मात्र दर्जाचा निकष नाही. शंभर भागांचे नीट बसणारे किट तीनशे भागांच्या न बसणाऱ्या किटपेक्षा केव्हाही सरस.

भारतीय वायुदलाचे विमान हवे असेल तर डीकलच्या यादीत भारतीय खुणा आहेत का हे आधी बघावे. खानदेशातून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे जाताना लागणाऱ्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-21 आणि नंतर सुखोई-30 एमकेआय तयार झाली. मिग-21 वायुदलात 1963 पासून होते आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झाले. एडुआर्डचे मिग-21 हे 1/48 आणि 1/72 अशा दोन्ही प्रमाणांत मिळते आणि आजच्या किटांमध्ये ते वरच्या पंगतीतले मानले जाते. सुखोईचे आकर्षण जळगावकरांना वेगळ्या कारणानेही आहे: नाडगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना 25 नोव्हेंबर 2009 रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्याच विमानातून उडाल्या, वयाच्या 74 व्या वर्षी.

हत्यारे : महागडा संच मागवण्याची गरज नसते. जळगावच्या सराफ बाजारात सोनारांना लागणारा चिमटा, बारीक कानशी आणि केसाएवढी करवतीची पाती मिळतात. मॉडेलला याहून चांगले काही लागत नाही. मेडिकलमधून 3 नंबरचा सर्जिकल हँडल आणि 11 नंबरची ब्लेड घ्यावीत, हार्डवेअरमधून 400, 600 आणि 1000 नंबरचे पाण्यात घासायचे पॉलिश पेपर. भाग रनरपासून पिरगाळून कधी तोडू नये. थोडे अंतर ठेवून कापावा आणि उरलेला कोंब ब्लेडने, मग कागदाने काढावा.

जोडणी : पॉलिस्टायरीन ‘चिकटत’ नाही, वितळून एक होते. शेतातल्या मेनलाइनचे पीव्हीसी पाइप जोडणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: सोल्युशन दोन्ही पृष्ठभाग विरघळवते, ते एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा राहतो. मॉडेल जोडायचा द्रव, म्हणजे पातळ सिमेंट, तोही तेच करतो. दोन भाग कोरडे जुळवून धरायचे आणि ब्रशचे टोक फक्त फटीला लावायचे. द्रव आपोआप फटभर धावतो. पाइपचे सोल्युशन मात्र इथे वापरू नये, ते दाट असते आणि बारीक काम खाऊन टाकते. ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिलीनच्या असल्याने त्यांना जसे सोल्युशन धरत नाही, तसेच काही किटांतल्या मऊ चाकांनाही सिमेंट धरत नाही. तिथे फेविक्विक लागते. काचेजवळ फेविक्विक नेले तर तिची वाफ बसून काच दुधाळ होते. काचेला फेविकॉल लावावा, तो वाळल्यावर दिसत नाही.

सिमेंट लावण्याआधी प्रत्येक भाग कोरडा बसवून पाहणे ही सवय ज्याला लागली त्याला फारशी पुट्टी लागत नाही. मिग-21 सारख्या विमानात धडाचे दोन अर्धे मिटण्यापूर्वी कॉकपिट, हवेची वाट आणि शेपटीकडची नळी आत बसवावी लागते. यातले एक अर्ध्या मिलिमीटरने तिरपे बसले की धड मिटत नाही आणि जोर लावून मिटवले तर सांधा पुढे उन्हाळ्यात उघडतो. पुढे चाक असलेल्या विमानांच्या नाकात वजन घालावे लागते, नाहीतर ती शेपटीवर बसतात. जाळ्याला बांधतात त्या शिशाच्या गोळ्या ठोकून चपट्या केल्या की काम होते. मिगच्या नाकातून हवेची वाट जात असल्याने जागा उरते ती मधल्या शंकूत आणि कॉकपिटच्या खाली.

ऊन आणि रंग : खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि परदेशी सूचनापत्रिका त्या गणितात बसत नाहीत. पातळ सिमेंट फटीत धावण्याआधीच उडून जातो. एअरब्रश या रंग फवारण्याच्या हत्यारातला ॲक्रिलिक रंग टोकावर सुकतो, किंवा हवेतच सुकून पृष्ठभागावर भुकटीसारखा बसतो आणि विमान पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागते. उपाय म्हणजे रंग थोडा जास्त पातळ करणे, वाळणे मंदावणारे रिटार्डर घालणे आणि सकाळी नवाच्या आत काम आटोपणे. कूलर सुरू ठेवून लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवलेला रंग, मारण्याची चूक प्रस्तुत लेखकाने एकदा केली आहे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, कूलरची दमट हवा तिथे दवासारखी धरते आणि चकचकीत काळा रंग राखेसारखा पांढुरका पडतो. पावसाळ्यातही हेच होते. थिनरची वाफ घातक असते, म्हणून खिडकी उघडी आणि तोंडावर कार्बन फिल्टरचा मास्क हवाच. साध्या कापडाने वाफ अडत नाही. पूर्ण झालेले मॉडेल उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नये. पॉलिस्टायरीन नरम पडायला शंभराच्या जवळपास अंश लागतात हे खरे, पण पातळ पंख त्याआधीच वाकू लागतात.

डीकल : पाण्यात भिजवून सरकवण्याच्या या चित्रांना गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगावर थेट लावली तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक येते. म्हणून आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत थर, मग डीकल, मग मॅट. बोअरचे पाणी जड असल्याने वाळल्यावर पांढरे डाग ठेवते. बॅटरीत भरायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे. जुन्या किटची डीकल पिवळी पडली असतील तर मात्र इथले ऊन कामी येते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छापील बाजू बाहेर ठेवून खिडकीच्या काचेवर आतून चिकटवला, तर पिवळेपणा दिवसागणिक उतरतो. एप्रिलच्या आठवड्याभरात केशरी-पांढऱ्या-हिरव्या गोलातला पांढरा पुन्हा पांढरा झालेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. घरच्यांनी मात्र खिडकीकडे बघून रोज एकच विचारले, “हाई काय शे?”

वेगमापक पिटो नळी, अँटेना आणि चाकांची झाकणे सर्वांत शेवटी लावायची असतात. मेणबत्तीवर रनरचा तुकडा गरम करून ओढला की केसासारखी तार निघते, ती अँटेनाला चालते. नळीसाठी 26 नंबरची इंजेक्शनची सुई किटमधल्या प्लॅस्टिकच्या काडीपेक्षा सरळ आणि टिकाऊ असते. काडी दिवाळीच्या साफसफाईत मोडते. सुई फडक्यात अडकते आणि पूर्ण विमान खाली घेऊन येते, म्हणून तिच्या मुळाशी फेविक्विकचा अगदी बारीक थेंब पुरे, ओढ बसल्यास तीच आधी सुटावी.