सुपीरियर सरोवराकाठचा वसंत

सुपीरियर सरोवराकाठचा वसंत : उत्तर अमेरिकेतील सुपीरियर या गोड्या पाण्याच्या सरोवराभोवतीच्या प्रदेशात मार्च ते मेअखेर अनुभवास येणारा लहरी हवामानाचा काळ. अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही राज्ये आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत या सरोवराच्या काठावर येतात. या तीन महिन्यांत एकाच आठवड्यात हिमवादळ, पाऊस, दाट धुके आणि शर्ट काढून हिंडावे असे ऊन, हे सारे येऊन जाऊ शकते. पश्चिम टोकाचे डलूथ हे बंदर या लहरींचे सर्वांत चांगले उदाहरण असल्याने नोंदीत त्याचा उल्लेख वारंवार येईल.

लहरींचे मूळ पाण्यात आहे. सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौ. किमी. (महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून जास्त), सरासरी खोली १४७ मी. व कमाल खोली ४०६ मी. आहे. गोडे पाणी ४° से. तापमानाला सर्वांत जड असते. हिवाळ्याअखेर पृष्ठभागाचे पाणी त्याहून थंड असते. उन्हाने ते किंचित तापले की जड होऊन खाली बसते आणि खालचे गार पाणी वर येते. वरचा थर उबदार व्हायचा, तर आधी खालचे सगळे पाणी ४ अंशांपर्यंत यावे लागते. उथळ तळ्यात हे काम काही दिवसांत उरकते, सुपीरियरमध्ये जून उजाडतो. दरम्यान काठाजवळचे उथळ पाणी ४ अंश ओलांडून तापू लागते, मधले मात्र त्याखालीच असते. दोन्ही जिथे मिसळतात तिथे ४ अंशांचे जड पाणी सतत खाली उतरत राहते आणि एक उभी सीमा तयार होते. तिला थर्मल बार म्हणतात. ही सीमा आठवड्यामागून आठवडे काठापासून आत आत सरकते. थोडक्यात, जमिनीवर मे महिना असतो तेव्हा सरोवरात अजून मार्च चाललेला असतो.

याच वेळी वरच्या हवेतला जेट प्रवाह (वेगवान वाऱ्यांचा पट्टा) या अक्षांशांवरून खाली-वर होत असतो. त्याच्यासोबत दोन प्रकारच्या कमी दाबाच्या प्रणाली येतात. वायव्येकडून झपाट्याने येणाऱ्या कोरड्या, गार प्रणालीला अल्बर्टा क्लिपर म्हणतात. तिने थोडा भुरभुर बर्फ पडतो, पारा घसरतो. दुसरी नैर्ऋत्येकडून येणारी कोलोरॅडो लो. ती मेक्सिकोच्या आखातातले बाष्प ओढून आणते आणि एप्रिलमधली मोठी हिमवादळे बहुधा तिचीच. ती दक्षिणेकडून जाऊ लागली की डलूथवर ईशान्येचा वारा सुटतो. शेकडो किलोमीटर गार पाण्यावरून आलेली ही हवा थेट टेकडीवर आदळून वर चढते.

ती टेकडी समजून घेतल्याशिवाय डलूथचा वसंत समजत नाही. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून १८३ मी., तर गावामागच्या पठारावरचा विमानतळ सुमारे ४३५ मी. उंचीवर आहे. एप्रिलच्या वादळात खाली बंदरावर पाऊस पडत असताना वर बर्फ साचत असतो. मे महिन्यात गणित उलटते. विमानतळावर २५ अंशांची दुपार असते. गाडी उतारावरून खाली येऊ लागली की डॅशबोर्डवरचा आकडा प्रत्येक वळणाला एखादा अंश उतरतो, शेवटच्या चौकात धुक्याची भिंत उभी असते आणि कालव्याच्या पुलाशी पोचेपर्यंत पारा ८-१० वर आलेला असतो. हे अंतर जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे. म्हणून मे महिन्यातही गाडीत जाकीट टाकल्याशिवाय इथे कोणी निघत नाही. स्थानिक हवामानवृत्तातले ‘कूलर बाय द लेक’, म्हणजे सरोवराजवळ जरा गार, हे पालुपद इतके नित्याचे आहे की त्याचे विनोद झाले आहेत. ‘जरा’ हा शब्द मात्र सौजन्याचा मानावा.

लागोपाठच्या दोन वर्षांतच किती टोके गाठली जातात, हे २०१२ आणि २०१३ ने दाखवले. मार्च २०१२ मध्ये उष्णतेची लाट आली. गारठ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इंटरनॅशनल फॉल्स या मिनेसोटातील, कॅनडाच्या सीमेवरच्या गावी १८ मार्चला पारा २६ अंशांवर गेला. दक्षिणेकडे मिशिगनमधल्या चेरीच्या बागा अवेळी फुलल्या, मग एप्रिलमधल्या दवतुषाराने फुले जाळली आणि राज्याचे आंबट चेरीचे सुमारे ९० टक्के पीक गेले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, डलूथमध्ये १२९ सेंमी. बर्फ पडला. तो त्या गावाच्या नोंदींतला कोणत्याही महिन्यातला विक्रम ठरला. डिसेंबर-जानेवारीही मागे पडले.

बर्फ फुटण्याच्या दिवसाला इकडे आइस-आउट म्हणतात आणि लहान तळ्यांच्या त्या तारखा पिढ्यान्‌पिढ्या टिपून ठेवल्या जातात. फुटण्याआधी बर्फ काळसर पडतो आणि उभ्या, पेन्सिलीसारख्या कांड्यांमध्ये सुटा होतो. त्या लाटेवर एकमेकींवर आपटल्या की काचेच्या बांगड्या किणकिणाव्या तसा आवाज येतो. लून हा पाणपक्षी पाणी मोकळे झाल्याबरोबर हजर होतो. त्याला उडण्यासाठी पाण्यावर लांब धाव घ्यावी लागते, त्यामुळे बर्फावर उतरला तर अडकलाच. वारा जोराचा असेल तर हाच बर्फ काठावर चालून येतो. मिनेसोटातील मिल लॅक्स हे तळे विस्तीर्ण पण उथळ, सर्वांत खोल जागी सुमारे १३ मी. तिथे ११ मे २०१३ रोजी वाऱ्याने रेटलेला बर्फ काही मिनिटांत काठावर चढला आणि दारे-खिडक्या फोडून घरांत शिरला. त्या वर्षी मासेमारीचा हंगाम नेमका त्याच दिवशी सुरू होत होता, आणि उत्तरेकडच्या अनेक तळ्यांवर गळ टाकायला पाणीच मोकळे नव्हते.

मोठ्या सरोवरावर जहाजांचे वर्ष सू लॉक्स हे जलपाश (सुपीरियर आणि खालचे ह्यूरन सरोवर यांच्यामध्ये जहाजे वर-खाली नेणारे दरवाजांचे कालवे) २५ मार्चला उघडले की सुरू होते. बर्फफोडी जहाजे पुढे, लोहखनिज वाहणारी मागे, असा तांडा निघतो. मधले पाणी मोकळे झाले तरी ईशान्येचा वारा तुटका बर्फ ढकलत पश्चिमेच्या कोपऱ्यात आणतो आणि डलूथचे तोंड पुन्हा बुजते. २०१४ मध्ये सुपीरियरवर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बर्फ तरंगत होता.

या अस्थिरतेचा फायदा घेणारा उद्योग एकच, मॅपलचा. रात्री गोठण आणि दिवसा वितळण, असा आलटून-पालटून खेळ चालला तरच झाडातून रस वाहतो. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो. कळ्या फुटल्या की रसाची चव बिघडते व हंगाम संपतो. सरोवराला गिचीगामी (थोरले पाणी) म्हणणारे इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला इस्किगामिझिगे-गीझिस म्हणतात, म्हणजे रस आटवण्याचा महिना. वसंताचे इतके नेमके नाव इंग्रजी कॅलेंडरात नाही.

बाकी गैरसोयीच जास्त. जमीन वरून वितळते, खाली गोठलेलीच राहते. पाणी मुरत नाही, रस्ते मऊ पडतात, त्यामुळे या दिवसांत मालमोटारींच्या वजनावर मर्यादा घालतात. बर्फ गेल्यावर आणि हिरवळ येण्याआधी वाळलेले गवत उघडे पडते. वणव्यांचा धोका तेव्हा सर्वांत मोठा. ५ मे २००७ रोजी पेटलेल्या हॅम लेक वणव्याने अमेरिका-कॅनडा सीमेच्या दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ३०० चौ. किमी. जमीन जाळली.

मिनेसोटातल्या मराठी घरांत गुढी बहुधा बर्फाच्या ढिगाशेजारी उभी राहते. चैत्रपालवी इथे वैशाखात येते, कधी त्याही पुढे. बर्च आणि ॲस्पेनला पाने फुटली की काळ्या चावऱ्या माश्यांचे थवे उठतात, आणि मग काठावरचे लोक सरोवरावरून येणाऱ्या त्याच गार वाऱ्याची वाट पाहू लागतात.