बिनतारी संवेदक बोर्ड, घरगुती

तापमान, हवेतील आर्द्रता, मातीतील ओल, पाण्याची पातळी अशा राशी मोजून त्या तारेविना दूरच्या ग्राहकाकडे पाठविणारे, कारखान्यात नव्हे तर घरी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा गावच्या दुरुस्तीच्या दुकानात जोडलेले इलेक्ट्रॉनिकीय मंडल. त्यावर संवेदक (सेन्सर), सूक्ष्मनियंत्रक (प्रोग्रॅम चालविणारी मायक्रोकंट्रोलर चिप), रेडिओ मॉड्यूल आणि वीजपुरवठा असे चार भाग असतात. जोडणारे त्याला नुसते ‘नोड’ म्हणतात, आणि पुढे तोच शब्द वापरला आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत असे नोड द्राक्षबागा, उसाची शिवारे, बेदाणा शेड व विहिरींवरील मोटारी यांसाठी उपयोगी पडतात. येथील विवेचन त्याच अंगाने केले आहे.

इतिहास : मोजमाप करून ते रेडिओने पाठविणारे पहिले साधन कोणते, यावर मतभेद आहेत. संगणकशास्त्राचे बहुतेक लेखक आरंभ अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील डार्पा या संस्थेने १९८०च्या सुमारास हाती घेतलेल्या वितरित संवेदक जाळ्यांच्या संशोधनापासून धरतात. काही जण आणखी मागे जाऊन, शीतयुद्धाच्या काळात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी समुद्रतळावर बसविलेल्या ध्वनिग्राहकांचा दाखला देतात. परंतु ते ध्वनिग्राहक केबलने किनाऱ्याशी जोडलेले होते, म्हणून त्यांना बिनतारी म्हणता येत नाही. वातावरणविज्ञानाच्या बाजूने पाहिल्यास हा मान रेडिओसाँडला, म्हणजे फुग्याबरोबर वर जाऊन हवेचे मापन खाली कळविणाऱ्या उपकरणाला द्यावा लागतो. तेथेही दोन दावे आहेत. फ्रान्समध्ये रॉबेर ब्यूरो यांनी ७ जानेवारी १९२९ रोजी तापमान कळविणारा फुगा सोडला, तर रशियात पावेल मोल्चानोव्ह यांचे उपकरण ३० जानेवारी १९३० रोजी आकाशात गेले. सोव्हिएट लेखनात मोल्चानोव्ह यांना अग्रक्रम दिलेला आढळतो. तारखा ब्यूरो यांच्या बाजूने आहेत. मोल्चानोव्ह यांची रचना सोपी व स्वस्त असल्याने तिचा प्रसार मात्र अधिक झाला. संवेदक, संकेतन, प्रेषक आणि बॅटरी ही चारही अंगे एकाच हलक्या पेटीत प्रथम येथेच एकत्र आली, हे ध्यानात घेता रेडिओसाँडपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आजच्या नोडचा थेट पूर्वज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत जन्मला. क्रिस पिस्टर यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्मार्ट डस्ट’ या नावाने घन मिलिमीटर आकाराच्या संवेदकाची कल्पना मांडली. तो आकार लगेच साधला नाही, पण त्या प्रयत्नांतून ‘मोट’ नावाचे छोटे बोर्ड आणि टायनीओएस ही प्रणाली तयार झाली. कमी शक्तीच्या जाळ्यांसाठीचे ८०२.१५.४ हे मानक २००३ मध्ये आले. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो या सोप्या तयार बोर्डमुळे सूक्ष्मनियंत्रक हौशी माणसाच्या हाती आला. २०१४ पासून मिळू लागलेल्या ईएसपी८२६६ या चिनी मॉड्यूलमुळे वायफायसह सगळा नोड काही शे रुपयांत बसू लागला.

नोडचे भाग ज्या पाटीवर बसवितात त्या मुद्रित मंडलाचे (पीसीबीचे) जनकत्वही असेच वादाचे आहे. आल्बर्ट हॅन्सन यांचे १९०३ चे ब्रिटिश पेटंट आणि चार्ल्स ड्यूकास यांचे १९२५ चे अमेरिकन पेटंट, ही दोन्ही कालक्रमाने आधीची आहेत. तरीही ऑस्ट्रियातून इंग्लंडला गेलेले पाउल आयस्लर यांनाच जनक म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांनी साधारण १९३६ मध्ये असे मंडल असलेला रेडिओ संच बनविला होता. हॅन्सन यांचा भर सपाट पट्ट्या विद्युतरोधकावर चिकटविण्यावर होता आणि ड्यूकास यांचा विद्युतवाहक शाईवर. नको असलेले तांबे रसायनाने खाऊन टाकायचे, ही आज घरोघरी वापरात असलेली रीत आयस्लर यांच्या मार्गाने आलेली आहे. त्यापुरता प्रघात योग्य म्हणावा.

बांधणी : सुरुवातीला बहुतेक जण ‘झिरो पीसीबी’, म्हणजे तयार भोकांची पाटी, वापरतात. त्यातील भोके २.५४ मिमी. अंतरावर असतात. ईएसपी-१२ (ईएसपी८२६६चे मॉड्यूल) किंवा आरएफएम९५ (लोरा रेडिओ मॉड्यूल) यांच्या पायांतील अंतर मात्र २ मिमी. असते, त्यामुळे ही मॉड्यूल तेथे बसत नाहीत आणि मध्ये अडॅप्टर घ्यावा लागतो. कायमच्या कामासाठी तांब्याचा पत्रा चढविलेली काच-इपॉक्सी पाटी घेऊन ती फेरिक क्लोराइडमध्ये कोरतात. तांब्याचा थर सर्वसाधारणपणे ३५ मायक्रॉन जाड असतो. लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर काढलेला नकाशा गरम इस्त्रीने पाटीवर उमटवितात. आरेखन-प्रणालीत तळबाजू वरून पाहिल्यासारखी दिसते, म्हणून ती आहे तशीच छापायची आणि वरची बाजू आरशातल्यासारखी उलटी. द्रावण कोमट असावे व भांडे प्लॅस्टिकचे. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही असा सुटा भाग क्वचितच असेल. आता नकाशाची फाइल पाठवून कारखान्यातून पाट्या मागविण्याची पद्धतही रूढ होत आहे.

डाख देताना पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट वापरू नये. तिचा उरलेला अंश पावसाळ्यात ओल धरतो आणि काही महिन्यांत बारीक पट्ट्या खाऊन टाकतो. राळेचा गाभा असलेली तारच घ्यावी. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असलेली तार १८३° से.ला एकदम वितळते व एकदम घट्ट होते, त्यामुळे कच्चा डाख राहण्याची शक्यता कमी असते. रेडिओ मॉड्यूलच्या अँटेनाखाली तांबे ठेवू नये, शक्य तर ते टोक पाटीबाहेर काढावे. तारेची पाव-तरंग अँटेना ८६६ मेगाहर्ट्झला सुमारे ८.६ सेंमी., ४३३ ला १७.३ सेंमी. आणि २.४ गिगाहर्ट्झला ३.१ सेंमी. भरते.

दोषशोधन : नोड चालेनासा झाला की नवखा माणूस आधी प्रोग्रॅम आणि मग रेडिओ तपासतो. वास्तविक दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो, आणि तेथूनच सुरुवात करावी असा आग्रह धरणे भाग आहे. ईएसपी८२६६ विश्रांतीत सुमारे २० मायक्रोअँपिअर घेतो, पण प्रक्षेपणाच्या क्षणी ३०० मिलिअँपिअरच्या आसपास उसळी घेतो. ती उसळी काही मिलिसेकंदांची असल्याने साध्या मल्टिमीटरवर ३.३ व्होल्ट स्थिर दिसतात आणि नोड मात्र पुन्हापुन्हा चालू-बंद होत राहतो. मॉड्यूलच्या पायांजवळच ०.१ मायक्रोफॅरड व त्यासोबत १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा धारित्र (कपॅसिटर) बसविल्यावर त्रास थांबला, तर निदान झाले. एनआरएफ२४एल०१ या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ मॉड्यूलला १० मायक्रोफॅरड बहुधा पुरतो. तो नसल्यास हातभर अंतरावर चालणारी जोडी दुसऱ्या खोलीत गप्प होते.

दुसरा ठराविक दोष एएमएस१११७ या नियामकाचा (व्होल्टता ठरावीक ठेवणाऱ्या चिपचा). बाजारातल्या बहुतेक तयार पाट्यांवर तोच असतो. त्याला आत-बाहेर साधारण १.१ व्होल्टचा फरक लागतो. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो, तेव्हा नोडला ३.१ मिळतात आणि काम चालते. सेल ३.७ वर आला की २.६ च उरतात. ‘दोन दिवस चालला, मग पहाटे बंद पडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. शिवाय हा नियामक स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर पितो. २,००० मिलिअँपिअर-तासांचा सेल नोड झोपलेला असतानाही १६-१७ दिवसांत त्यापायी रिकामा होतो. एमसीपी१७०० सारखा काही मायक्रोअँपिअरवर भागणारा नियामक मोठा धारित्र जोडून वापरणे, किंवा ३.२ व्होल्टचा लिथियम-लोह-फॉस्फेट सेल नियामकाविना जोडणे, हे दोन्ही उपाय चांगले.

पुरवठा निर्दोष ठरला की मग बाकीचे. ईएसपी८२६६ सुरू होताना संगणकावर निरर्थक अक्षरे दिसतात. ती दोषामुळे नव्हेत, आरंभीचा संदेश ७४,८८० बॉडने (संदेश पाठविण्याच्या वेगाने) येतो म्हणून तशी दिसतात. त्या वेगाने वाचल्यास पुन्हा सुरू होण्याचे कारण संकेतांकाने मिळते. मॉड्यूलच्या पायांपैकी जीपीआयओ-१५ शून्य व्होल्टला (खाली) व जीपीआयओ-० आणि २ पुरवठ्याला (वर) बांधलेले नसतील तर मॉड्यूल सुरूच होत नाही. गाढ झोपेतून उठविण्यासाठी जीपीआयओ-१६ रीसेटला जोडावा लागतो, आणि ही एक तार राहिली की नोड झोपतो तो कायमचा. एनआरएफ२४ ची सर्व नोंदस्थाने शून्य किंवा सगळीच कमाल वाचली गेली, तर दोष रेडिओत नसून त्याच्या तारांत आहे.

भूप्रदेश व पल्ला : लोरा या संथ पण लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीचे संकेत अतिशय क्षीण असतानाही वाचता येतात. एसएक्स१२७६ या लोरा चिपची संवेदनक्षमता नेहमीच्या १२५ किलोहर्ट्झ रुंदीत, सर्वांत संथ गतीला उणे १३७ डीबीएमच्या (संकेताची शक्ती मोजण्याचे एकक) आसपास जाते. मोकळ्या माळावर, उदा., माण किंवा जतच्या बाजूला, त्याचा पुरा लाभ मिळतो. कृष्णाकाठच्या उसात तसे होत नाही. प्रेषक व ग्राहक यांना जोडणाऱ्या रेषेभोवती काही जागा मोकळी लागते. १ किमी. अंतर व ८६६ मेगाहर्ट्झ असता मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या सुमारे ९.३ मी. येते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा. आडसाली लागणीच्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये, सरीच्या कडेला कमरेइतक्या खांबावर बसविलेला नोड दिवाळीपर्यंत उत्तम बोलतो. पुढच्या पावसाळ्यात ऊस तीन-साडेतीन मीटर झालेला असतो, पाने ओली असतात आणि नोड मुका होतो. तेव्हा बोर्ड उघडून काही सापडत नाही. अँटेना उसाच्या शेंड्यावर न्यावी लागते.

मोटारीच्या स्टार्टरजवळचे नोड वेगळा त्रास देतात. कॉन्टॅक्टर सुटताना उठणारा आघात संवेदकाच्या लांब तारेतून आत शिरतो आणि नियंत्रक अडकतो. तारा पिळून घेणे, कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीला रोध-धारित्राची जोड देणे व प्रोग्रॅममध्ये वॉचडॉग (अडकलेला नियंत्रक आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) ठेवणे हे उपाय आहेत. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत अँटेना ठेवली तर संकेत बाहेर येतच नाही, हेही येथेच नोंदवावे.

संवेदक : डीएस१८बी२० हा तापमापक ८५° दाखवू लागला तर ते तापमान नसून चालू होतानाचे मूळ मूल्य असते. मापन पूर्ण होण्याआधी वाचले किंवा पुरवठा डळमळला असा त्याचा अर्थ. उणे १२७° म्हणजे संवेदक सापडलाच नाही. दोन्ही वेळी ४.७ किलोओहमचा रोध व सांधे तपासावेत. मातीतील ओल मोजणारे दोन उघड्या पट्ट्यांचे स्वस्त संवेदक विद्युत-अपघटनाने काही आठवड्यांतच झिजतात. त्यांऐवजी धारित्र-तत्त्वावरचे घ्यावेत, पण त्यांवरील टायमर चिप पाहून घ्यावी. साधी एनई५५५ असेल तर तिला ४.५ व्होल्ट लागतात आणि ३.३ व्होल्टच्या नोडवर ती विश्वासार्ह चालत नाही.

द्राक्षबागेत पान किती तास ओले राहिले हे कळणे डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगाच्या दृष्टीने मोलाचे असते, विशेषतः ऑक्टोबर छाटणीनंतर. त्यासाठी नागमोडी तांब्याच्या पट्ट्यांची कोरीव पाटी घरीही करता येते. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीनंतर मात्र तिच्यावर क्षारांचा पातळ थर बसतो. रात्रीच्या दमट हवेत तो थर वीज वाहू लागतो आणि पान कोरडे असताना नोड ‘ओले’ कळवितो. दर फवारणीनंतर पाटी स्वच्छ पाण्याने पुसावी आणि मापन एकदिश विजेने न करता आलटून-पालटून करावे. तासगाव परिसरातील बेदाणा शेडमध्ये गंधकाच्या धुरीने दुसरीच अडचण येते. सल्फर डाय-ऑक्साइड व ओल मिळून तांबे गंजवितात आणि आर्द्रतेच्या संवेदकाचा बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर बिघडवितात. धुरीच्या वेळी संवेदक काढून ठेवणे सर्वांत सुरक्षित. महाबळेश्वरच्या पावसात पेटी कितीही बंद केली तरी आत दव धरते, म्हणून संवेदकाचा भाग सोडून पाटीवर लाखेचा हात द्यावा आणि पेटीच्या तळाला बारीक छिद्र ठेवावे.

नदीची पातळी श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) लहरींनी मोजण्याचे प्रयोग हौशी मंडळी करतात. साध्या संवेदकांचा पल्ला सहा मीटरांच्या आत असतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. एवढा चढउतार असा एक संवेदक मोजू शकत नाही, आणि पुराच्या इशाऱ्यासाठी घरगुती नोडवर विसंबणे धोक्याचे आहे. ओढे, शेततळी व विहिरी यांपुरता त्याचा उपयोग रास्त आहे.

परवाना : भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. प्रेषकाची शक्ती कमाल १ वॉट, प्रक्षेपित शक्ती ४ वॉट व वाहक-रुंदी २०० किलोहर्ट्झ अशा मर्यादा त्यात घातल्या होत्या. लोराची नेहमीची १२५ किलोहर्ट्झ रुंदी त्यात बसते. अमेरिकेसाठीची ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूल आपल्याकडे वापरू नयेत, कारण भारतात त्या वारंवारतांच्या काही भागात मोबाइल सेवेचा पट्टा आहे. स्वस्त मिळणारे आरए-०२ हे मॉड्यूल ४३३ मेगाहर्ट्झचे असते आणि प्रोग्रॅम बदलून ते ८६५ वर आणता येत नाही. एनआरएफ२४ साठी वायफायची गर्दी टाळायला १०८ क्रमांकाची वाहिनी सुचविली जाते. ती २,५०८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २,४८३.५ ला संपणाऱ्या मुक्त पट्ट्याबाहेर पडते. ८३ पर्यंतच्याच वाहिन्या घ्याव्यात.

टाकाऊ द्रावण : वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये विरघळलेले तांबे माशांना व जमिनीतील सूक्ष्मजीवांना घातक असते. ते मोरीत, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. उघड्या हवेत, मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा थोडाथोडा घालावा. फेस थांबेपर्यंत घातल्यावर तांबे व लोह गाळ होऊन तळाशी बसतात. गाळ वाळवून बंद डब्यात ठेवावा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यावा.