कुत्र्यांची साथ, लांडग्यांचे मरण

अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर १९८० साली ५० लांडगे होते. दोन वर्षांत १४ उरले. त्यांच्या रक्तात पार्वोव्हायरस या कुत्र्यांच्या विषाणूच्या खुणा सापडल्या. बेटावर कुत्री आणायला बंदी होती. कुणीतरी ती मोडली असावी असे मानले जाते. हा विषाणू मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या कुळातला. कुत्र्यांमध्ये तो १९७८च्या सुमारास दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग त्याहून जुना. तो विषाणूमुळे होतो हे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले. गोवर आणि गुरांची बुळकांडी यांच्या विषाणूंचा हा भाऊबंद. यातून वाचलेल्या जनावराला सहसा तो पुन्हा होत नाही, म्हणून टिकून राहायला त्याला सतत नवी पिल्ले लागतात. वस्त्यांतल्या हजारो कुत्र्यांत ती मिळतात; डोंगरावरच्या दोन-तीनशे लांडग्यांत मिळत नाहीत. तिथे साथ आपोआप विझते, पण निम्मे-अधिक प्राणी घेऊन. पुढची ठिणगी पुन्हा बाहेरूनच पडते.

रेबीजचेही तेच. एकमेकांची तोंडे चाटणे, एकत्र खाणे, एकत्र झोपणे ही टोळीची ताकद. रोगाला तीच वाट मिळते. १९९१ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटी या राखीव रानातल्या आफ्रिकी रानकुत्र्यांच्या अभ्यासाखालच्या टोळ्या नाहीशा झाल्या. आदल्या वर्षी त्यांतल्या काहींना रेबीजची लस टोचली होती. पकडण्या-टोचण्याच्या ताणानेच सुप्त रोग उफाळला, असा आरोप झाला आणि वाद वर्षानुवर्षे चालला. पुरावा तोकडा होता, पण रानातल्या प्राण्यांना लस द्यायला सगळेच कचरू लागले.

ती भीती इथिओपियाच्या बाले पर्वतात मागे पडली. जगात जेमतेम ५०० उरलेल्या इथिओपियन लांडग्यांचा हा मुख्य आसरा. १९९१-९२ च्या रेबीजने तिथल्या टोळ्या उजाड केल्या होत्या. २००३ मध्ये साथ परतली तेव्हा मेंढपाळांच्या कुत्र्यांबरोबर लांडग्यांनाही लस दिली गेली. सगळ्यांना नव्हे, तर एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या अरुंद पट्ट्यांतल्या टोळ्यांना. साथ पुढे सरकली नाही.

मग २००६ आणि २०१० मध्ये तिथे डिस्टेंपर आला. रेबीजची लस त्यावर चालत नाही.